न परतलेल्यांची मोजदाद

आमच्या समाजाच्या आरोग्याचा विषय निघाला की वर्षानुवर्षे दोनच गोष्टी चर्चेला येत आल्या. एक कुटुंबनियोजन आणि दुसरी पोलिओचा डोस. पहिल्या विषयावर बाहेरच्यांनी आम्हाला भरपूर सुनावले. दुसऱ्यावर आमच्याच काही मंडळींनी नको त्या अफवांवर विश्वास ठेवला, आणि मग मौलाना मंडळींना सोबत घेऊन ती गाठ सोडवावी लागली. पण मोहल्ल्यातल्या गेल्या वीस वर्षांतल्या मयती आठवून पाहाव्यात. कुणी फजरला उठलाच नाही, कुणी वजू करता करता हौदाकाठी कोसळला, कुणाचे अर्धे अंग गेले आणि तो चार वर्षे खाटेवर पडून राहिला, कुणाचा पाय शुगरने कापावा लागला. मयतीच्या घरी आम्ही ‘अल्लाची मर्जी’ म्हणतो आणि ते खरेच आहे. मात्र त्या मर्जीच्या आधी दहा वर्षे त्या माणसाचा रक्तदाब कोणी मोजला नव्हता, किंवा एकदा मोजून सोडून दिला होता, हेही तितकेच खरे आहे.

सरकारने या रोगांकडे पाहिलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१० साली केंद्राने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून तो असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम झाला. मधल्या काळात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची असे ठरले आणि आशाताई फॉर्म घेऊन दारोदार फिरू लागल्या. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला हा आजार आहे का, अशा प्रश्नांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचे. दारूचा प्रश्न आमच्या घरांत विचारताना आशाताई लाजतात आणि उत्तर देणारे त्याहून अधिक लाजतात, ही गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर २०१७ मध्ये याच्या जोडीला रक्तदाबापुरता एक वेगळा उपक्रम सुरू झाला. आयसीएमआर, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो उभा केला. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही पहिली पाच राज्ये. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. म्हणजे आमचे तळकोकण सुरुवातीपासून त्यात होते. त्याची रीत साधी होती. कोणते औषध आधी, दाब उतरला नाही तर पुढे काय, हे राज्यापुरते ठरवून टाकायचे, म्हणजे डॉक्टर बदलला तरी गोळी बदलत नाही. गोळ्या महिन्याभराच्या द्यायच्या, घराजवळच्या केंद्रात द्यायच्या. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवायचे आणि तारखेला न आलेल्याचा शोध घ्यायचा. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यंत्रणेकडून पुरस्कारही मिळाला.

पुरस्कार मिळाला की आपल्याकडे प्रश्न संपतो. आम्हाला वाटते, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. असे काम चांगले झाले की नाही हे ठरवायचे कशावरून?

पोलिओचे सोपे होते. डोस पाजला, करंगळीला शाई लावली, घराच्या भिंतीवर खडूने खूण केली. शाई दिसली म्हणजे काम झाले. जानेवारी २०११ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला; मूल्यमापन एका आकड्यात मावले. बीपीची गोळी मात्र आज घेतली म्हणून उद्या सुटका नाही. ती रोजची, मरेपर्यंतची. इथे करंगळीला शाई लावता येत नाही. तरीही आमच्या आरोग्य खात्याच्या अंगवळणी जुनीच सवय आहे. शिबिरे किती घेतली, तपासण्या किती झाल्या, कार्डे किती उघडली, हेच आकडे फळ्यावर चढतात. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राने जाहीर केलेले लक्ष्यही याच जातीचे होते: २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना उपचाराखाली आणायचे. आणायचे, इतकेच. आणल्यानंतर किती जणांचा दाब ताब्यात राहिला, हा पुढचा आणि अवघड हिशेब.

तो अवघड हिशेब या रक्तदाब उपक्रमाने स्वतःहून मांडला, आणि त्याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो. पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणा या चार राज्यांतल्या २४ निवडक दवाखान्यांतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जानेवारी २०१८ पासून २१,८९५ रुग्णांची नोंद झाली होती. जुलै ते सप्टेंबर २०१९ या तीन महिन्यांत त्यांतले पुन्हा दवाखान्यात आले ११,२७४, म्हणजे ५१ टक्के. या परत आलेल्यांमध्ये नोंदणीच्या दिवशी दाब ताब्यात असलेले २६.३ टक्के होते, ते आता ५९.८ टक्के झाले. आकडा दुपटीहून मोठा झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवरची वाढ ४८.१ टक्के-अंकांची आणि मोठ्या रुग्णालयांची २२.९ टक्के-अंकांची. गावाजवळचा दवाखाना मोठ्या रुग्णालयाला मागे टाकतो, ही आमच्यासारख्यांच्या कानाला गोड वाटणारी बातमी.

पण वाचकांनी एक साधा भागाकार करून पाहावा. परत आलेल्या ११,२७४ जणांतले साधारण ६,७४० जण दाब आटोक्यात असलेले. याला ११,२७४ ने भागले तर जवळपास ६० टक्के, आणि नोंद झालेल्या सगळ्या २१,८९५ ने भागले तर जेमतेम ३१ टक्के. भागणारा आकडा बदलला की यशाचे अपयश होते आणि अपयशाचे यश. त्या अभ्यासकांनी हे लपवले नाही. न परतणाऱ्यांची मोठी संख्या हीच या कामाची मर्यादा आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. लपवले जाते ते खालच्या पातळीवर, बैठकीच्या तक्त्यात, जिथे ‘आलेल्यांपैकी’ हा शब्द गळून पडतो आणि टक्केवारी तेवढी शिल्लक राहते.

आमच्या मते या विषयातला सगळा जीव त्या उरलेल्या ४९ टक्क्यांत आहे. सगळेच काही वाया गेलेले नाहीत. कुणी त्या तिमाहीत आले नाहीत पण नंतर आले असतील, कुणी खासगी डॉक्टरकडे गेले असतील, कुणी औषध दुकानातून गोळ्या आणत असतील, कुणी अल्लाला प्यारे झाले असतील. कार्ड यांतला फरक ओळखत नाही. कार्डाला इतकेच ठाऊक असते की माणूस आला नाही.

न परतलेल्यांकडे वळण्याआधी आलेल्यांच्या आकड्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तोही दिसतो तितका भरवशाचा नसतो. रक्तदाब मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटे शांत बसले पाहिजे, आणि पट्टा उघड्या दंडावर बांधला पाहिजे. आमच्या बायका बुरखा, त्याखाली पूर्ण बाहीचा कमीज अशा येतात. दाराला पडदा नाही, रांगेत पुरुष उभे, मोजणाराही बहुधा पुरुष. मग बाहीवरूनच पट्टा आवळला जातो. जाड कापडावरून घेतलेला आकडा चुकतो, आणि त्या चुकीच्या आकड्यावर एकीची गोळी वाढते, दुसरीची सुरूच होत नाही. एक पडदा आणि एक स्टूल एवढाच खर्च. पण कार्यक्रमाच्या तपासणी यादीत यंत्र चालते का, गोळ्या आहेत का, हे असते. पडदा आहे का, हे आम्ही तरी कुठे विचारलेले ऐकले नाही.

आणखी एक खूण जाणकार सांगतात. रजिस्टरमधले आकडे एकामागून एक शून्यावर संपू लागले, १३०/८०, १४०/९०, १३०/८०, की समजावे यंत्राने नव्हे, पेनाने मोजले. माणसाचा दाब काही दहाच्या पाढ्यात चढउतार करत नाही. डिजिटल यंत्रे आल्यावर हे कमी झाले, आणि हा त्या उपक्रमाचा मोठा फायदाच म्हणायचा. मूल्यमापनाला येणाऱ्या साहेबांनी गाडीतून उतरून आधी ते पान उघडावे, मग चहा घ्यावा.

आता न परतलेले.

कोकणातल्या मोहल्ल्यात पुरुष म्हणजे पाहुणा. कुवेत, सौदी, दुबई, मस्कत. दोन वर्षांनी महिना-दोन महिने सुट्टी. त्या सुट्टीत लग्ने, घराची कौले, जमिनीचे कागद, आणि त्यातच आशाताईंच्या तपासणीत सापडला तर बीपीचे कार्ड. महिन्याभराच्या गोळ्या खिशात घालून तो विमानात बसतो आणि आमच्या केंद्रात पुढची दोन वर्षे ‘आला नाही’ म्हणून उरतो. काहींना तपासून घेण्याचीच भीती असते. आखातात जाण्याआधीची मेडिकल नापास झाली तर कर्ज काढून मिळवलेला व्हिसा जाईल, म्हणून ते आशाताई दिसल्या की मागच्या दाराने बाहेर पडतात. अशांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्याच्या पगारावर सात माणसे जेवतात त्याचा हिशेब वेगळा असतो.

घरात राहिलेल्या बायकांची तऱ्हा वेगळी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. तरी रिक्षाचे भाडे मोफत झालेले नाही, आणि सासूला एकटे टाकून जाता येत नाही तेही तसेच आहे. आमच्या शेजारच्या खाला चार महिने गोळीशिवाय होत्या. कारण विचारले तर म्हणाल्या, “सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेले होते रे, तिथे कुठे आपलं कार्ड चालतं?” कार्ड खरे तर चालायला हवे. माणूस फिरता आहे आणि त्याची नोंद एका केंद्राला खुंटीसारखी बांधलेली आहे, ही अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली. त्यांना कोणी मूल्यमापन समितीवर घेणार नाही, एवढेच.

आणि रमजान. याविषयी आमच्या लेखकांनीच बोलायला हवे, कारण दुसरे कोणी बोलत नाही, आणि बोलले तर रोजे सोडा एवढेच सांगतात. २००१ साली तेरा मुस्लिम देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यात टाईप दोनच्या जवळपास ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. म्हणजे डॉक्टर काहीही म्हणोत, लोक रोजे ठेवतात. त्याच अभ्यासात टाईप दोनच्या रुग्णांमध्ये साखर धोकादायक खाली जाण्याचे गंभीर प्रकार इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पटींनी वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेचा सल्ला असा की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाला बोलवावे, कुणाला रोजा झेपेल आणि कुणाला नाही ते पाहावे, गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसवून द्याव्यात. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यात सांगितले आहे. आमच्या इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात सांगितले तर ते अधिक लोकांना पटेल. रक्तदाबाची गोळी तर बहुधा दिवसातून एकदाचीच असते. डॉक्टरला विचारून ती इफ्तारनंतर घेतली की काम भागते. पण न विचारता लोक महिनाभर ती बंदच ठेवतात, आणि ईदच्या शिरखुर्म्यानंतर सुरू करायची विसरतात.

याचा मूल्यमापनाशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. संबंध असा. अहवाल तिमाहीचा असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२० साली तो एप्रिल-मेमध्ये होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये आला. ज्या केंद्राच्या हद्दीत मोठा मोहल्ला आहे तिथे गैरहजेरीची लाट या तिमाहीतून त्या तिमाहीत सरकत राहणार. वर बसलेल्याला दिसणार ते एवढेच की अमुक सिस्टरचे काम यंदा ढिले पडले. सिस्टरला बोलणी बसतात, आणि खरे कारण चंद्राच्या पंचांगात पडून राहते.

एक परदेशातले उदाहरण या ठिकाणी आठवते, कारण एका प्रदेशाचे काम कसे मोजावे याचा धडा जगाने तिथून घेतला. फिनलंडच्या पूर्वेला उत्तर करेलिया नावाचा भाग आहे. लाकूडतोडे आणि छोटे शेतकरी. १९७० च्या सुमारास तिथले मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते की १९७१ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे लेखी अर्ज केला, काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले: लोणी कमी, मीठ कमी, तंबाखू कमी, रक्तदाबाची नोंद. गृहिणींच्या मार्था संघटनेला हाताशी धरून थेट स्वयंपाकघरात शिरले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांनी कामाआधी मोजले, आणि शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेला ठेवला. पुढच्या चार दशकांत करेलियातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पण गंमत अशी की कुओपिओतही ते भरपूर घटले! तेव्हापासून विद्वान भांडत आहेत की श्रेय कार्यक्रमाचे किती आणि बदलत्या काळाचे किती. आम्हाला हे भांडण आवडते. निदान भांडायला आधीचे आकडे होते. आमच्याकडच्या त्या २४ दवाखान्यांच्या अभ्यासात असा शेजारी नव्हता. आणि सुकट, सोडे, लोणचे, पापड यांतून आमच्या पोटात रोज किती मीठ जाते हे आमच्या मोहल्ल्यात कोणी मोजलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आमच्या ताटातल्या सुक्या मासळीच्या कालवणाचे एक वाडगे त्या पाच ग्रॅमांतले किती उडवते, हे बघायला एखाद्या मार्था-मंडळाची गरज आहे.

काही मित्र म्हणतात, या कार्डांवर धर्माचा रकाना घाला, म्हणजे मुसलमान किती मागे आहेत ते दिसेल. २००६ च्या सच्चर अहवालाने आम्हाला आकड्यांची भाषा शिकवली, तिचा हा परिणाम. त्यांची कळकळ आम्हाला समजते, पण मत वेगळे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धर्मवार तक्ते असतात, धोरण ठरवायला ते पुरेत. दवाखान्याच्या खिडकीशी आजारी माणसाला त्याचा धर्म विचारू नये. तिथे वाडी, मोहल्ला, वॉर्ड लिहिला तरी सगळे कळते: कोणत्या वस्तीतले परत येतात, कोणत्या वस्तीतले नाही. बौद्धवाडीचे आणि धनगरवाड्याचे हाल आमच्यापेक्षा निराळे असतील असे आम्हाला वाटत नाही. त्यांनाही चढ चढूनच यावे लागते. २०२३ च्या अखेरीस उपकेंद्रांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशा पाट्या लागल्या तेव्हा कुणी आम्हाला विचारले, तुम्हाला काय वाटते? मोहल्ल्यातले म्हातारे त्याला आधीही सरकारी दवाखाना म्हणत होते, आताही तेच म्हणतात. आत गोळी असली की झाले.

ही गोळी कुणापर्यंत पोचत नाही ते शोधायला आमच्याकडे एक जुने साधन आहे, आणि त्याची आठवण आम्हाला फार उशिरा झाली. जमातीची वही. कोकणातल्या जवळपास प्रत्येक जमातीत वर्गणीची वही असते. त्यात एकही घर सुटत नाही, कारण वर्गणी कुणाला सुटत नाही. कर्ता कोण, मुलगे किती, कोण परदेशी, कोण मुंबईला, कोणाचे घर बंद. आरोग्य खात्याला हजार खटपटी करून जो भागणारा आकडा मिळत नाही तो मशिदीच्या कपाटात कुलूपबंद पडून असतो. आम्ही दोघे-तिघे ती घेऊन उपकेंद्राच्या सिस्टरांकडे गेलो. कुणाचा आजार वहीत लिहायचा नाही, वही परत कपाटात जाईल, एवढी अट जमातीने घातली होती आणि ती रास्त होती. खासगी गोष्ट चव्हाट्यावर आली तर दुसऱ्या वर्षी कोणी दार उघडणार नाही.

सिस्टरांनी आपली गैरहजर कार्डे पुढ्यात ठेवली, वही धरून जमातीचे एक वयस्क चाचा बसले. एकेक नाव निघत गेले. ही माहेरी गेली ती तिकडेच राहिली. हा मुंबईला मुलाकडे, तिथल्या दवाखान्यातून गोळी घेतो. हिला गोळीने पायाला सूज येते म्हणून तिने बंद केली. सिस्टर म्हणाल्या, मला सांगितलं असतं तर डॉक्टरांकडून बदलून घेतली असती. हा बरा वाटतो म्हणून घेत नाही. अशी ‘बरे वाटणारी’ माणसे सगळ्यात जास्त निघाली. बीपी दुखत नाही, त्यामुळे त्याची आठवण राहत नाही. काही जण मयत झालेले होते आणि कार्ड अजून त्यांची वाट पाहत होते. सिस्टरांनी त्या कार्डांवर तारखा घातल्या. कुणाच्या मृत्यूचे कारण काय, हे चाचांनी आठवून सांगितले: लकवा, हार्ट, किडनी.

मग आणखी एक कार्ड निघाले. दोन वर्षांत एकदाही पत्ता नाही, फोन बंद. सिस्टरांनी तेही मयतांच्या गठ्ठ्यावर ठेवायला घेतले, तेव्हा चाचांनी वहीवरचे बोट न उचलता सांगितले, “थांबा बाई, तो कुवेतला आहे. बकरी ईदला येतोय. त्याच्या गोळ्या मागवून ठेवा.”